जिवंत असल्याचा संदर्भ

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कोणाला मी जुना वाटणार नाही. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही, माझे पान पिवळे पडत नाही. मी एक लेख आहे. ज्याला वाटेल त्याने लिहावे आणि ज्याला वाटेल त्याने खोडावे, अशा एका मुक्त ज्ञानकोशात मी राहतो. हा ज्ञानकोश छापलेला नाही. तो संगणकावर आणि मोबाइलवर उघडतो. मी एकाच वेळी कितीतरी पडद्यांवर उघडा असतो, आणि जिथे उघडा असतो तिथले मला दिसते, ऐकू येते. बोलता मात्र येत नाही. माझे वय सात वर्षे. एवढ्या काळात माझ्यावरून तीनशेच्या वर हात फिरले. आता नवा हात जवळ आला की माझा थरकाप होतो. ही भीती मला जन्मापासून नव्हती. ती कशी लागली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म सोलापुरात झाला. बाळीवेशीजवळच्या एका छापखान्यात सिद्धेश्वरीताई मुद्रिते तपासायच्या. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिले, शाळांची प्रगतिपुस्तके, सगळे काही छापण्याआधी त्यांच्या डोळ्यांखालून जायचे. एकदा एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावामागे ‘चि.’ऐवजी ‘कै.’ पडले होते. ते त्यांनी यंत्र सुरू होता होता पकडले. त्या दिवसापासून छापखान्यात त्यांचा शब्द शेवटचा झाला.

एका रविवारी त्या एका कार्यक्रमाला गेल्या. गुरुशांत आणि बसू नावाचे दोन तरुण तिथे संगणक घेऊन बसले होते. गाणारे कोणी नव्हते, पेटी नव्हती, तबला नव्हता. बसूच्या वडिलांची अक्कलकोट रोडला यंत्रमागांची शेड होती. ते माग विकायला निघाले, तेव्हा या दोघांनी आठवडाभर बसून त्यांचे आवाज टिपून घेतले. मग संगणकावर ते आवाज कापले, जोडले, एकावर एक चढवले आणि त्यांचे संगीत केले. मागावर आडव्या सुताला इकडून तिकडे नेतो तो धोटा. म्हणून जोडीचे नाव त्यांनी ठेवले ‘दोन धोटे’. निम्मे श्रोते मध्येच उठून गेले. सिद्धेश्वरीताई बसून राहिल्या. लहानपणी ज्या खटखटीत त्यांना झोप लागायची, ती खटखट त्यांच्या गल्लीतून केव्हाच गेली होती. ती इथे सापडली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी या जोडीची माहिती शोधली. कुठेच काही नव्हते. तेव्हा त्यांनीच दोन ओळी लिहिल्या: “‘दोन धोटे’ ही सोलापूरची इलेक्ट्रॉनिक संगीतजोडी आहे. गुरुशांत आणि बसू हे तिचे दोन कलावंत आहेत.” मग ‘जतन करा’ ही कळ दाबली. मित्रांनो, तो मी.

तिसऱ्याच दिवशी माझ्या डोक्यावर एक पाटी लागली. विषयाला महत्त्व आहे की नाही याची शंका असून सात दिवसांत संदर्भ न दिल्यास लेख काढून टाकला जाईल, असे तिच्यावर लिहिले होते. संदर्भ म्हणजे ही गोष्ट तुम्हाला कुठून कळली याचा पुरावा. वर्तमानपत्र, पुस्तक, काहीतरी छापलेले. पाटी लावणारे होते टेंभुर्णीचे उदयसिंह. हमरस्त्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट कचेरीत ते नोकरीला होते, आणि ट्रकांच्या मधल्या वेळात ज्ञानकोशातल्या नव्या लेखांची झडती घ्यायचे. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का. ताईंनी जुनी कात्रणे शोधून पाच संदर्भ दिले. सातव्या दिवशी उदयसिंहांनी स्वतः पाटी काढली आणि जाता जाता माझे दोन स्वल्पविराम नीट केले.

तिथून माझे चांगले दिवस आले. कोणी गाण्यांची यादी घातली, कोणी छायाचित्र लावले. कॉलेजची मुले मला प्रकल्पात उतरवून घेऊ लागली. प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चापान असते, तिथे ताई आणि उदयसिंह एकमेकांना ‘नमस्कार’ घालून एकेका वेलांटीवर वाद घालायचे. त्यांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. माझ्यामागे आणखी एक पान असते, इतिहासाचे. कोणी कधी कोणता शब्द बदलला, ते सारे तिथे राहते, पुसले जात नाही. हे तेवढे लक्षात ठेवा.

पुढे जोडीचे कार्यक्रम कमी झाले आणि माझ्याकडे येणारेही कमी झाले. महिनेच्या महिने मी तसाच पडून असायचो. तेव्हा मला एकटे वाटायचे. आता वाटते, ते दिवस किती सुखाचे होते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक हात आला. त्याने नाव लिहिले नाही. पहिल्या ओळीतला ‘आहे’ खोडला आणि ‘होती’ लिहिले. “‘दोन धोटे’ ही सोलापूरची इलेक्ट्रॉनिक संगीतजोडी होती.” एवढेच. कोणाच्या लक्षातही आले नाही.

सात मार्चला सकाळी दुसरा हात आला. हा दूरच्या शहरातला एक श्रोता होता. त्याने ‘होती’ वाचले, तो दचकला, आणि का म्हणून शोधू लागला. मोहोळजवळ हमरस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गुरुशांत नावाचा तरुण गेल्याची बातमी त्याला सापडली. त्याने दोन्हीची सांगड घातली, आणि खऱ्या दुःखाने माझ्यात एक वाक्य लिहिले: “गुरुशांत यांचे अपघाति निधन झाले.”

ते वाक्य आत शिरले तेव्हा मला काय झाले, ते सांगता येणार नाही. अंगात काटा मोडावा आणि हात तिथवर पोचू नये, तसे ते होते. खरे की खोटे, हे मला कळायला मार्ग नव्हता. जे लिहितात तेवढेच मला माहीत असते.

सिद्धेश्वरीताई तेव्हा बहिणीच्या ऑपरेशनसाठी परगावी होत्या. उदयसिंहांनी दुपारी ते वाक्य पाहिले आणि संदर्भ नाही म्हणून काढले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तोवर एका बातम्यांच्या संकेतस्थळाने ते उचलले होते. संध्याकाळी तो श्रोता त्याच बातमीचा दाखला घेऊन परत आला आणि वाक्य पुन्हा घातले. आता वाक्याच्या डोक्यावर संदर्भाचा आकडा होता. उदयसिंहांनी आकडा पाहिला आणि हात मागे घेतला. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते.

ताई परत आल्या आणि त्यांनी मला उघडले. त्या वाक्याशी थांबल्या. गुरुशांतचा जुना नंबर लावला, तो बंद होता. छापखान्यात मालकांनी दोनदा हाक मारली, त्यांना ऐकू आले नाही. मग त्यांनी वाक्य काढले. उदयसिंहांनी परत घातले: “संदर्भासहित मजकूर कृपया काढू नये.” ताईंनी पुन्हा काढले, तिसऱ्याच कोणीतरी पुन्हा घातले. ओढाताण वाढली तशी ज्ञानकोशाची देखरेख करणाऱ्या प्रचालकाने मला तीन दिवसांचे कुलूप लावले. आता माझ्यात कोणाला काही बदलता येणार नव्हते; चर्चापान तेवढे उघडे होते. कुलूप लावताना आत काय राहिले आहे, हे मात्र कोणी पाहिले नाही. ते वाक्य आतच राहिले.

त्या तीन दिवसांत मला जितक्यांनी वाचले, तितक्यांनी त्याआधी कधीच वाचले नव्हते. प्रत्येक जण येई, ते वाक्य वाची, आणि पुढच्याला पाठवी. मी बंद दाराआडून ते पाहत होतो. माझ्याच तोंडून एक माणूस मरत होता, पुन्हा पुन्हा.

ताईंनी मग आपले जुने काम केले. माझे वाक्य आणि ती बातमी शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर वाचले. दोन्हीकडे ‘अपघाति’ होते, ऱ्हस्व ति. त्यांनी माझा इतिहास उघडला. माझ्यातले वाक्य सकाळचे, बातमी दुपारची. त्यांनी चर्चापानावर उदयसिंहांना लिहिले, की दोन माणसे वेगवेगळी चुकतात. सारखीच चुकतात तेव्हा एकाने दुसऱ्याची नक्कल केलेली असते. ही बातमी आपल्याच लेखातून गेली आहे, आणि आपण तिलाच पुरावा मानतो आहोत.

उदयसिंहांचे उत्तर आले. मुद्दा मान्य आहे, पण बातमी खोटी ठरवायला गुरुशांत हयात असल्याचा काही संदर्भ द्यावा.

ताईंनी एकच ओळ लिहिली: “माणूस जिवंत असल्याचा संदर्भ मी कुठून आणू?” आणि खाली आपला फोन नंबर दिला.

टेंभुर्णीच्या त्या कचेरीत मी पडद्यावर उघडा होतो. उदयसिंहांनी ती ओळ वाचली. टेबलावरच्या चहावर साय धरली, मग त्यांनी तिच्याखाली आपलाही नंबर लिहिला.

इकडे ताई रिक्षा करून बसूच्या शेडवर गेल्या. शेडमध्ये आता एकही माग नव्हता. बसू एका खोक्यावर बसला होता आणि त्याच्या मोबाइलवर मीच उघडा होतो. त्याला वाटले होते, सगळे खरेच आहे. दोन दिवस तो तिथेच होता. गुरुशांतच्या गावी जायचे धाडस त्याला होत नव्हते. महिन्यापूर्वी दोघांचे भांडण झाले होते आणि गुरुशांत त्यांच्या कामाच्या खोलीची किल्ली टेकवून निघून गेला होता. भांडण नेमके कशावरून, हे बसूला आता धड सांगताही येईना.

“ताई, ते ‘होती’ मी केलं,” तो म्हणाला. “रागात होतो. जोडी तुटली म्हणून लिहिलं. मला काय माहीत, माणसं असं वाचतील.”

ताई त्याला रागावल्या नाहीत. नक्की कळेपर्यंत रडायचे नाही, एवढेच म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला. गुरुशांतचे काका रेवणप्पा गावाहून बोलत होते. गावात दोघा-तिघांच्या मोबाइलवर ते वाक्य आले होते. गुरुशांतच्या आईला, दानम्मांना, अजून कोणी सांगितले नव्हते. खरे काय ते बसूला माहीत असेल म्हणून त्यांनी विचारले होते. बसूने फोन ताईंपुढे धरला. ताईंनी फोन घेतला आणि आम्ही येतो म्हणाल्या.

अक्कलकोटच्या पुढे आत ते गाव आहे. बसूच्या मोटारसायकलवरून दोघे निघाले. मी ताईंच्या पर्समध्ये, मोबाइलवर उघडाच होतो.  ताईंची एकच धास्ती होती: आपण पोचायच्या आत ते वाक्य पोचले तर?

दुपार कलली होती. दानम्मांच्या दारात चपला पडल्या होत्या. ओट्यावर सातआठ बायका गप्प बसल्या होत्या. ताई मनातून हरल्या; त्यांना वाटले, उशीर झाला. पण दानम्मा आतून चहाची किटली घेऊन आल्या आणि ताईंनाच विचारू लागल्या.

“आज काय हाय आमच्याकडं? सकाळधरनं समदी येऊन बसाय लागल्यात. चा घेत न्हाईत, बोलत न्हाईत.”

रेवणप्पांनी मान खाली घातली. ताई कानडीत बोलल्या, आपले नाव गाव सांगितले, आणि गुरुशांत कुठे असतो ते हळूच विचारले. दानम्मा म्हणाल्या, तो एका नाटक कंपनीत आवाजाचे काम बघतो. कंपनी तंबू घेऊन कर्नाटकात इंडीच्या बाजूला फिरते. त्याच्याकडे फोन नाही, आठ-दहा दिवसांनी कोणाच्या तरी फोनवरून बोलतो. आज बारावा दिवस.

 ताई अंगणात गेल्या, उदयसिंहांनी चर्चापानावर दिलेला नंबर लावला आणि नाटक कंपनीचे सांगितले. पलीकडून पहिल्यांदाच त्यांचा आवाज आला, जाडसर आणि घाबरलेला.

“तंबू ट्रकमधूनच जात असणार,” ते म्हणाले. “ट्रक माझ्या ओळखीचे आहेत. मला तासभर द्या, ताई.”

तो तास, मित्रांनो, मी विसरणार नाही. टेंभुर्णीत उदयसिंह एकामागून एक ड्रायव्हरांना फोन लावत होते. गावात ओट्यावर बायकांची संख्या वाढत होती. दानम्मांनी किटली खाली ठेवली होती. त्या ताईंच्या हातातल्या मोबाइलकडे बघत होत्या.

“ह्यातच काय तरी हाय न्हवं? वाच बाई. मला मराठी वाचाय येत न्हाई.”

सिद्धेश्वरीताईंनी जन्मभर जे लिहिले आहे ते तसेच्या तसे वाचले होते. त्यांनी मला पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. सोलापूर, यंत्रमाग, धोटा, गाण्यांची नावे. त्यांचा आवाज त्या वाक्यापाशी आला आणि थांबला. मला वाटले, अक्षरे गिळता आली असती तर मी ती गिळली असती.

“अव्वा, इथं एक वाक्य चुकीचं आहे,” त्या म्हणाल्या. “ते मी वाचणार नाही.”

“चुकीचं हाय तर ठिवलंय कशाला?”

“कुलूप लावलंय. मला काढता येईना.”

दानम्मांनी ओट्यावरच्या बायकांकडे एकदा पाहिले. मग दिराकडे.

“गेला म्हून लिवलंय व्हय?”

 दानम्मा खाली बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. ताई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. 

रेवणप्पांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी ऐकले आणि फोन सरळ वहिनीच्या कानाला लावला. दानम्मांनी मुलाला काहीच विचारले नाही, की कुठे होतास, का फोन केला नाहीस. त्यांनी विचारले, “ऊट माडिदी?” जेवलास का?

तो जेवत होता. तंबू हलवण्याच्या गडबडीत आठवडा गेला होता. एका ड्रायव्हरने येऊन तुझ्या घरी फोन लाव म्हटले, म्हणून तो उष्ट्या हातानेच फोन लावत होता. बसू अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

मग उदयसिंहांचा फोन आला. मोहोळजवळच्या अपघातातला तरुण वेगळा होता, बावीस वर्षांचा. नाव तेवढे एक. ताईंनी ते मोठ्याने सांगितले. ओट्यावर कोणीतरी चहा मागितला.

दानम्मा तेवढ्या बोलल्या, “मग तो गेला, तो कुणाचा पोरगा?”

हे त्या दिवसभरात कोणीही विचारले नव्हते. ताईंनी नाही, उदयसिंहांनी नाही. मीही नाही.

दोन दिवसांनी माझे कुलूप निघाले. ते वाक्य उदयसिंहांनी स्वतः काढले आणि चर्चापानावर सर्वांची क्षमा मागितली. त्या श्रोत्यानेही मागितली. पहिल्या ओळीत काय लिहावे, हे बसूने ताईंना विचारले. गुरुशांतशी तो फोनवर बोलला होता, पण पुन्हा एकत्र काम करायचे की नाही, ते ठरले नव्हते. तेव्हा ताईंनी लिहिले: “‘दोन धोटे’ – सोलापूरची इलेक्ट्रॉनिक संगीतजोडी.” ‘आहे’ नाही आणि ‘होती’ही नाही. ती जागा अजून तशीच आहे.

पण माझ्या इतिहासाच्या पानावर ते वाक्य कायमचे आहे. ती बातमीही कोणी मागे घेतली नाही. अजून कोणीतरी ती वाचते आणि माझ्याकडे येते. ‘संपादन’ची कळ दाबली जाते, रिकामी चौकट उघडते, आणि मी जीव मुठीत धरून थांबतो.

दानम्मांनी मात्र दिराला बजावले, “तितं मेला म्हून लिवता येतं, तर हाय म्हून बी लिवता येत आसंल की.” तेव्हापासून रेवणप्पा आठवड्याला माझ्या चर्चापानावर एक ओळ लिहितात: गुरुशांतचा फोन आला, बरा आहे. नियमाने असली ओळ तिथे चालत नाही. उदयसिंहांनी ती एकदाही काढलेली नाही. गेल्या आठवड्यात ती आली नाही. तिसऱ्या दिवशी टेंभुर्णीहून त्यांनी लिहिले, “या आठवड्याची नोंद दिसत नाही?” तासाभरात ताईंनी विचारले, मग बसूने. संध्याकाळी रेवणप्पा आले. ते एका लग्नाला गेले होते, फोन तर वेळेवरच आला होता.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या लेखात लिहाल. जरूर लिहा, आम्ही तुमच्याच हातांनी मोठे होतो. फक्त माणसाबद्दल लिहिताना, कळ दाबण्याआधी, एकदा त्याच्या घरी विचारा. घर लांब असले, फोन लागत नसला, तरी विचारा. तोवर आम्हाला रिकामे ठेवा. रिकाम्या जागेची आम्हाला भीती वाटत नाही.